माशाचं पाणी तुपल्या रानात सोड की बाबा

अनुदानावर बायोफ्लॉकच्या, म्हंजे थोड्या पाण्यात दाटीनं मासे पाळायच्या, टाक्या टाकणाऱ्यांना माझा एकच सवाल हाय, खालचा वॉल उघडता तवा ते काळं पाणी जातं कुठं? मी सांगतो, आमच्या वढ्यात येतं. उन्हाळ्यात वढ्याला दुसरं पाणीच नसतं, म्हणून जे साचतं ते नुस्तं तेच, वर हिरवा तवंग, खाली गाळ, पाय टाकला की बुडबुडे आन सडक्या अंड्याचा वास. परवा म्हशीनं तोंड मागं घेतलं. म्हैस म्हणतोय मी, जी डबक्यात लोळते!

2020 ला मत्स्य संपदा योजना आली, 40 टक्के अनुदान, महिला आन एससी-एसटीला 60, चांगलंच हाय की, मराठवाड्यात कोणी चिलापी पिकवून चार पैसे कमवत असंल तर मला काय पोटदुखी नाही. पण खाद्यातल्या नायट्रोजनचा जेमतेम पाव-तिसरा हिस्सा माशाच्या अंगी लागतो, बाकी अमोनिया होऊन पाण्यात नाहीतर विष्ठा होऊन तळाला. बायोफ्लॉकमधी बॅक्टेरिया त्यातलं थोडं परत वापरात आणतेत, तरी गाळ काढावाच लागतो. त्यात खडेमीठ टाकलेलं, ते काय हवेत उडून जातं का? काळ्या रानात मुरत राहिलं की जमीन खारवली म्हणून समजा.

भावकीतल्या टाकीवाल्या काकांना म्हणलं, एक खड्डा घ्या, जेसीबीचं थोडंसं काम, पाणी थांबलं की गाळ खाली बसतो, वाळवून उकिरड्यात टाका, खत होईल. तर म्हणतेत, "आरं बाळा, सगळं नैसर्गिक हाय, केमिकल थोडंच हाय." नैसर्गिक! मग प्या की ग्लासभर. साध्या शेततळ्यातल्या माशाचं पाणी तर पिकाला सोन्यासारखं, आन इथं डीएपी खताच्या गोणीसाठी लाइनीत उभं राहायचं आन तेच नायट्रोजन-फॉस्फरस वढ्याला सोडायचं, कामून?

आन मेलेले मासे. रात्री लाईट गेली, पाण्यात हवा सोडणारा एअरेटर बंद, सकाळी सगळे पोट वर. पोत्यात भरून पुलाखाली फेकतेत, कुत्रे ओढत ओढत आमच्या गोठ्यात आणतेत. खोल खड्डा, वरून चुना, एवढंच करायचं असतं!

हापिसात गेलो तर म्हणतेत हे आमच्याकडं येत नाही, ग्रामसेवक म्हणतो लेखी द्या. लेखी दिलं तर घरचेच म्हणतेत, भावकीत कशाला वाकडं घेतो. आवो, भावकी हाय तर भावकीच्या विहिरीशेजारी घाण सोडताना नाही का आठवत भावकी?