सिल्व्हिया आणि गच्चीवरची टाकी

कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवापासून एक फॉरवर्ड फिरतोय: 'सिल्व्हिया नावाचा २७० किलोमीटरचा, कोळशासारखा काळा लघुग्रह पृथ्वीकडे निघालाय. काळा असल्याने दुर्बिणीला दिसत नाही, म्हणून आत्ता कुठे सापडला. त्याचे तुकडेही पडू लागलेत.' खाली नेहमीचं 'दहा जणांना पाठवा'. आकार आणि रंग साधारण बरोबर. बाकीचं बघू.

'आत्ता सापडला.' १६ मे १८६६ ला सापडला, तोही मद्रासच्या वेधशाळेतून. शोधणारे नॉर्मन पॉगसन. ताऱ्यांच्या तेजस्वितेची प्रत आपण मोजतो ना, तिचं पक्कं गणित यांचंच: पाच प्रतींचा फरक म्हणजे १०० पट. लघुग्रह शोधायला फोटोच्या काचा यायला अजून पंचवीस वर्षं होती. तेव्हा दुर्बिणीला डोळा लावायचा, ताऱ्यांचा नकाशा जवळ ठेवायचा आणि नकाशात नसलेला ठिपका शोधायचा. तो दुसऱ्या रात्री सरकलेला दिसला, की आपला!

म्हणजे 'काळा म्हणून दिसत नाही' हेही तिथेच निकालात निघालं. सिल्व्हिया सूर्यप्रकाशातला जेमतेम चार-पाच टक्के परतवते, पण अंगाने दांडगी आहे. आपला चंद्र तरी कुठे गोरा? तो १२ टक्क्यांच्या आसपास, जुन्या डांबरी रस्त्यासारखा. मागचं आकाश काळंकुट्ट, म्हणून कोजागरीला शुभ्र वाटतो.

लहान काळे लघुग्रह नजरेतून सुटतात, हे मात्र खरं. पण एप्रिलमध्ये गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं, तसंच त्यांचंही. गिळलेलं ऊन ते उष्णता म्हणून बाहेर टाकतात. २००९ मध्ये अवकाशात गेलेली वाइज ही अवरक्त दुर्बीण नेमकी तीच उष्णता टिपत होती.

'पृथ्वीकडे निघालाय.' मुळीच नाही. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या लघुग्रहांच्या मुख्य पट्ट्यात, बाहेरच्या अंगाला साडेसहा वर्षांत एक फेरी, आणि आपल्यापासून ३० कोटी किलोमीटरच्या आत कधीच नाही.

'तुकडे' म्हणजे तिचे दोन चंद्र. रोम्युलस २००१ मध्ये सापडला, रेमसची घोषणा २००५ मध्ये झाली. दोन चंद्र असलेला हा माहीत झालेला पहिलाच लघुग्रह. त्यांच्या फिरण्यावरून वस्तुमान कळलं, आणि घनता निघाली पाण्यापेक्षा थोडीच जास्त. म्हणजे आत बरीच पोकळी, दगडगोट्यांचा सैल ढिगारा.

हे सगळं फॉरवर्ड टाकणाऱ्या काकांना जिन्यातच गाठून सांगितलं. काका म्हणाले, "१८६६ पासून माहीत होतं? मग इतकी वर्षं गप्प का बसले?"