खरा धम्म बघायचा तर...

सिंगापुरात राहिलं म्हणून नागपूरची भांडणं सुटत नाहीत. मागच्या गणपतीत आमच्या वस्तीतल्या एका पोराने घरी मूर्ती बसवली आणि फॅमिली ग्रुप पेटला. 'बावीस प्रतिज्ञा विसरलास का?' (बाबासाहेबांनी धम्मदीक्षेच्या वेळी दिलेल्या; गौरी-गणपती पूजणार नाही, ही त्यातलीच एक) इथून सुरू होऊन गाडी 'खरा धम्म बघायचा तर ब्रह्मदेशात जा' इथवर पोचली. मी गप्प राहिलो. २०१८च्या डिसेंबरात बायको, मुलगा आणि आईला घेऊन मी तिथेच जाऊन आलो होतो.

मंडालेजवळच्या इन्वाचा बगाया विहार पाहिला. सगळा सागवानी, २६७ खांब. अनवाणी पायांना काळ्या फळ्या गार लागत होत्या. एका कोपऱ्यात मुंडन केलेली पोरं डुलत डुलत पाठांतर करत होती. आईला तिची पाढ्यांची शाळा आठवली. बाहेर चहाच्या टपरीवर प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलांवर बसलो. पोऱ्याला बोलवायला तिथे हाक मारत नाहीत, ओठांनी मुका घेतल्यासारखा आवाज करतात. माझ्या मुलाने तो दिवसभर करून आम्हाला वात आणला.

बागानजवळच्या श्वेझिगोन पॅगोडाच्या आवारात मात्र आई थबकली. तिथे सदतीस नाट, म्हणजे त्यांचे लोकदेव, आणि त्यांच्या वर थाजामिन. हा थाजामिन म्हणजे आपला इंद्र! बुद्धाला वंदन करायचं आणि नाटालाही नारळ-केळी ठेवायची, यात तिथे कुणाला वावगं वाटत नाही.

मंडालेला महामुनी पॅगोडातल्या बुद्धमूर्तीला सोन्याचा वर्ख लावतात, पण फक्त पुरुष. बायका समोर बसून पडद्यावर पाहतात. आईने वर्खाचं पुडकं नऊ वर्षांच्या नातवाच्या हातात दिलं आणि खाली बसली. वस्तीतल्या विहारात मेणबत्ती लावताना तिला कधी कुणी अडवलेलं नाही.

म्हणून ब्रह्मदेशाचा दाखला मला दोन्ही बाजूंनी लंगडा वाटतो. त्यांच्या नाटांच्या नावाने आमच्यासारखं कुणाला पाणवठ्यावरून हाकललं नव्हतं, त्यामुळे ते नाट ठेवू शकतात. आमच्या गौरी-गणपतीच्या प्रतिज्ञेमागे तो पाणवठा आहे. तरीही त्या पोराला ग्रुपवर सोलून काढणं मला पटलं नाही. सोलणाऱ्यांत माझा सख्खा मामा होता, हे आणखी वेगळं.

महामुनीहून परतताना रिक्षात आई म्हणाली, "बाबासाहेब ५४ साली रंगूनला येऊन गेले होते ना रे? म्हणूनच मग प्रतिज्ञा मोजून बावीस दिल्या असतील. नुसतं 'बौद्ध व्हा' म्हणून नाही सोडलं."