माड तोडण्यापूर्वी घ्यावयाची नैतिक काळजी

भाटातला, म्हणजे नारळाच्या बागेतला, माड बंगल्याच्या नकाशात आडवा येतोय आणि मन खातंय? मग आधी तो वृक्ष आहे की नाही, एवढं ठरवून घ्या. हे आपण ठरवायचं असतं, माडाने नव्हे.

गोव्यात याला उत्तम दाखला आहे. 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्यातून 2016 साली माड वगळला गेला. कारण अगदी शास्त्रशुद्ध: त्याला फांद्या नाहीत, सबब तो वृक्षच नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावर चढणाऱ्या पाडेल्यांना (नारळ पाडणाऱ्यांना) आणि रेंदेरांना (माडी काढणाऱ्यांना) हे कुणी कळवलंच नव्हतं. पुढे गदारोळ झाला आणि 2017 साली सरकारने त्याच माडाला राज्यवृक्ष ठरवलं. दरम्यान माडाला एकही फांदी फुटली नव्हती. फक्त एक निवडणूक झाली होती.

कुणी म्हणेल, झाडांनाही जीव असतो. लगेच मान्य करा. शांतिपर्वात भृगू ऋषी भरद्वाजाला सांगतात, की झाडं पाहतात, ऐकतात, त्यांना सुखदुःखही कळतं. वनमहोत्सवाच्या भाषणात हे हमखास टाळ्या घेतं. करवतवाल्याशी मजुरीचं बोलताना मात्र आवाज जरा खाली ठेवा. ऐकतात ना ती!

स्वित्झर्लंडच्या सरकारी नीतिसमितीने तर 2008 साली वनस्पतींच्या प्रतिष्ठेवर अहवालच काढला. वाटेवरची रानफुलं विनाकारण उडवणं अनैतिक, असा त्यातला एक निष्कर्ष. घाबरू नका, सगळी मेख ‘विनाकारण’ या शब्दात आहे. आपल्याकडे कारणांना कधी तोटा होता? गोव्यातल्या मोलेच्या अभयारण्यातली झाडं तोडायलाच तीन निघाली: महामार्ग, वीजवाहिनी आणि रेल्वेचा दुसरा रूळ. (रुळाची मंजुरी 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. न्यायालयांना विकासातलं काही कळत नाही.)

शिवाय आपलं निसर्गप्रेम सिद्ध करायला चवथ, म्हणजे गोव्याची गणेशचतुर्थी, आहेच. रानातली फळं, पानं, वेली आणून गणपतीच्या डोक्यावर त्यांचं छत, म्हणजे माटोळी, बांधा आणि सरकारी स्पर्धेत उतरा. बक्षीस माटोळीला असतं, रानाला नव्हे, त्यामुळे रानाची चौकशी कुणी करत नाही.

सत्तरी तालुक्यातल्या देवरायांपासून मात्र चार हात लांब राहा. तिथे माणसं देवाच्या धाकाने काटकीही मोडत नाहीत, आणि देवाच्या व्याख्येत दुरुस्ती करण्याचा अधिकार विधानसभेला अजून मिळालेला नाही.