पंप 'ऑटो'वर आहे का?

२०२५च्या दिवाळीत वाशीच्या सेक्टर १४ मध्ये बिल्डिंगला आग लागली, चौघं गेले. त्यानंतर आमच्या घोडबंदर रोडच्या ग्रुपवर एकच चर्चा: आपल्याकडच्या अग्निशमन दलाची शिडी कितव्या मजल्यापर्यंत पोचते? शिडी पोचायला हवीच, पण उंच टॉवरमधली खरी लढाई आतून होते.

जवान जिन्याने वर जातात, जळत्या मजल्याच्या खालच्या हायड्रंटला (आगीसाठीच्या पाण्याच्या नळाला) होज म्हणजे नळी जोडतात आणि मग पुढे सरकतात. गाडीतलं पाणी वर चढवायचं तरी पाइप बिल्डिंगचाच. म्हणजे त्या पोरांचं मुख्य हत्यार आपल्या सोसायटीने सांभाळलेलं (किंवा गंजवलेलं) असतं. पाठीवरचा बीए सेट (श्वासासाठीचा हवेचा सिलिंडर) कागदावर पाऊण तास चालतो. जिने चढून धाप लागली की हवा बरीच लवकर संपते.

आता जरा पंपरूममध्ये डोकावा. पॅनलवरचा स्विच 'ऑटो'वर हवा, म्हणजे पाइपातला दाब उतरला की पंप आपोआप सुरू होतो. बऱ्याचदा तो 'मॅन्युअल'वर सापडेल, आणि त्यात कुणाचा वाईट हेतूही नसतो. रायझरला, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या उभ्या पाइपला, कुठेतरी बारीक गळती असते, दाब उतरतो, दाब टिकवणारा छोटा जॉकी पंप थोड्या थोड्या वेळाने सुरू होतो. लाइटबिल वाढतं, तळमजल्यावरचे काका आवाजाने वैतागतात, सेक्रेटरी वॉचमनला म्हणतात, 'बंद कर रे ते!' झालं. गळती काढायचं कोटेशन पुढच्या मीटिंगवर जातं. आणि एखाद्या रात्री कुणी जवान वर व्हॉल्व्ह फिरवतो तेव्हा होजमधून नुसती हवा फुसफुसते.

आमच्याच एका मजल्यावरच्या होज बॉक्समध्ये मी चपला, रद्दी आणि मोडकी छत्री पाहिलीय. नॉझल गायब. पितळ आहे हो, भंगारवाला बरे पैसे देतो.

१९९१ साली फिलाडेल्फियातल्या 'वन मेरिडियन प्लाझा' या ३८ मजली ऑफिस टॉवरला आग लागली. तिथे रायझर होता, पण त्यावरचे दाब कमी करणारे व्हॉल्व्ह चुकीचे सेट केलेले. नळीला जोरच मिळेना. धुरात अडकून तीन जवान गेले. आग शेवटी थोपवली ती ३०व्या मजल्यावरच्या छतातून आपोआप पाणी फवारणाऱ्या स्प्रिंकलरनी! आपल्याकडे फ्लॅटचं इंटिरियर करताना पीओपीवाला तेच स्प्रिंकलर झाकून टाकतो आणि आपण 'छान दिसतंय' म्हणतो.

राज्याच्या २००६च्या कायद्याने ही यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालक आणि रहिवाशांवर टाकलीय. दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचा फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, लागतो. तो येतो, फाइलला लागतो, पंपाला कुणी हातही लावत नाही. आणि १४ एप्रिलला, अग्निशमन सेवा दिनी, स्टेटसवर 'जवानांना सलाम' टाकणारेही आपणच. राग येतो मला त्याचा.

म्हणून कमिटीच्या मागे लागून एवढं मान्य करून घेतलंय: यंदा सही करण्याआधी एजन्सीवाल्याला गच्चीवर न्यायचं, सर्वांत वरच्या हायड्रंटला होज लावून गेज बघायचा. किमान ३.५ किलो दाब दिसला तरच पेन उघडायचं. पंपरूमची किल्ली रात्रपाळीच्या वॉचमनकडे असते का, तेही तेव्हाच विचारणार. रविवारी सकाळी दहाला सुरू करतोय. ज्यांचे कपडे गच्चीत वाळत असतात त्यांनी आधीच काढून घ्या, पाणी उडणार आहे.