"आपला त्यांचा संबंध काय?"

सकाळपासून डोकं तापलंय. दुपारी जरा पडून बघितलं, झोप नाही. म्हणून इथे लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

आमच्या भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आज दादाने (माझा चुलतभाऊ, डोंबिवलीला असतो) एक फॉरवर्ड टाकला. भारत मॉरिशसला नवीन संसद भवन बांधायला मदत करणार, ही मार्च २०२५ मधली घोषणा, आणि त्यावर कुणीतरी लाल अक्षरांत लिहिलेलं, 'घरात नाही दाणा आणि बाजीराव म्हणा.' खाली दादाची स्वतःची ओळ: "वाडीचा साकव तीन पावसाळे मोडून पडलाय आणि हे दुसऱ्याची संसद बांधतायत. आपला त्यांचा संबंध काय?"

चौदा जणांनी अंगठे दिले त्याला. चौदा!

साकव (ओढ्यावरचा आमचा छोटा पूल) मोडलाय हे खरं आहे. मी रोज बघते, तो फक्त मे महिन्यात आणि गणपतीत बघतो. पण 'संबंध काय' हे वाचलं आणि मला ते पाहुणे आठवले. दादा, तू खरंच विसरलास? २००९ चा मे महिना. संगमेश्वर स्टेशनवर उतरून रिक्षाने आलेले सत्तरीचे गृहस्थ, अंगात पांढरा शर्ट, डोक्यावर वेताची टोपी. त्यांची बॅग साकवावरून पलीकडे तूच आणली होतीस.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ते मॉरिशसचे मराठी. पणजोबा गिरमिटात, म्हणजे करारावर मजुरीला गेलेले, मुंबई बंदरातून. हातात एका कागदाची झेरॉक्स होती. मॉरिशसला मोका गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे, तिथे या सगळ्या मजुरांची दप्तरं जपून ठेवलेली आहेत, तिथून काढून आणलेली. त्यात पणजोबांचा नंबर होता. आधी नंबर, मग नाव. बापाचं नाव, वय, उंची, जिल्हा रत्नागिरी. गावाचं नाव मात्र साहेबाच्या कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलेलं, आमच्या तालुक्यातली तीन गावं त्यात सहज बसतील. आडनाव नव्हतंच. पणजोबांचं पहिलं नाव हेच पुढे घराण्याचं आडनाव झालं. तिकडे कित्येक मराठी घरांचं असंच झालेलं आहे.

दोन दिवस त्यांना घेऊन मी तालुक्याच्या एका कार्यालयात बसले. पहिल्या दिवशी साहेब नाहीत. दुसऱ्या दिवशी साहेब होते आणि म्हणाले, इतकं जुनं आमच्याकडे काही नाही. त्यांनी तो कागद हातातही घेतला नाही. समुद्रापलीकडच्या देशाने जो कागद इतकी वर्षं सांभाळला, तो इथे कुणी वाचायलाही तयार नव्हतं. मला त्या दिवशी इतकी लाज वाटली की परतताना एसटीत मी त्यांच्याशी बोलले नाही.

तर दादा, संबंध हा असा आहे.

आता संसदेबद्दल. मी तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवणार नाही. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अ‍ॅटलास' जहाजातून हिंदुस्थानी मजूर मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईला उतरले. तिथपासून १९१० पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं गेली. उसाच्या मळ्यावर राबली, आणि बहुतेक तिथेच राहिली. ज्या दगडी पायऱ्यांवरून ती आत गेली तो अप्रवासी घाट आज जागतिक वारसास्थळ आहे. आणि त्या घाटापासून चालत जाण्याच्या अंतरावर जुनं गव्हर्नमेंट हाउस आहे, समोर व्हिक्टोरिया राणीचा पुतळा. त्याच आवारात त्यांची नॅशनल असेंब्ली, म्हणजे संसद, भरते. अंगठा उठवून आलेल्यांची नातवंडं-पतवंडं तिथे बसून कायदे करतात. घाट ते असेंब्ली हे एवढंसं अंतर कापायला त्यांना शंभर वर्षं लागली.

पाहुण्यांनी एका रात्री आमच्या खळ्यात बसून सांगितलेलं मला शब्दन् शब्द आठवतंय. लाइट गेलेले होते. त्यांचे वडील मळ्यावर मजूर. १९४८ च्या निवडणुकीआधी तिकडे मताचा अधिकार लिहिता-वाचता येण्याशी जोडला गेला. आपल्या भाषेत साधी वाक्यं लिहिता आली तरी पुरे होतं. मग गावोगावच्या 'बैठकां'मध्ये (तिकडे हाच शब्द आहे, बैठका!) दिवसभर ऊस तोडून आलेली माणसं रात्री कंदिलापाशी पाटी घेऊन बसायची. त्यांचे वडील पस्तिशीचे होते. बोटं इतकी घट्ट झालेली की पेन्सिल धरवेना. "बाप रडायचा," म्हणाले, "पण त्याने मत दिलं."

हे सांगून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुमचे खासदार आमच्याकडे येतात का?"

मला उत्तर देता आलं नाही. मी म्हटलं, पंतप्रधान येतात की. ते म्हणाले, पंतप्रधान येतात ते टीव्हीवर दिसतं. खासदार येतात का? आमच्या असेंब्लीत बसून बघतात का? आमचे इथे येऊन बघतात का?

सोळा वर्षांहून जास्त झाली, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. मला एवढंच म्हणायचंय मंडळी. दोन देशांची मैत्री फक्त दोन पंतप्रधानांच्या गळाभेटीवर सोडायची नसते. तिथे सरकार बदललं की सगळी खुर्च्यांवरची माणसं बदलतात. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मॉरिशसमध्ये ६२ पैकी ६० जागा एका आघाडीने जिंकल्या, आधीचं सरकार साफ झालं. पुढच्या मार्चमध्ये आपले पंतप्रधान त्यांच्या राष्ट्रीय दिनाला पाहुणे म्हणून गेले, मैत्री होती तशी. हे टिकलं कारण ते कुठल्याही एका पक्षाचं नाही. म्हणूनच सत्तेतले, विरोधातले, दोन्ही बाजूंचे खासदार एकमेकांच्या सभागृहात गेले पाहिजेत, एकमेकांच्या समित्यांचं कामकाज बघितलं पाहिजे.

(हो, काही अभ्यासदौऱ्यांत अभ्यास कमी आणि खरेदी जास्त असते. मलाही दिसतं.)

शिकण्यासारखंही आहे की! त्यांच्याकडे मंगळवारी पंतप्रधानांना थेट प्रश्न विचारायला अर्धा तास राखून ठेवलेला असतो. आपल्याकडे लोकसभेत सकाळी अकराचा प्रश्नोत्तराचा तास आहे, पण खास पंतप्रधानांसाठी असा वेगळा वेळ नाही. आणि आपल्याकडे खासदार लोकसभेत मराठीत उभा राहून बोलू शकतो, त्याचं भाषांतर होतं. त्यांच्या राज्यघटनेत सभागृहाची भाषा इंग्रजी, हवं तर फ्रेंचमध्ये बोला. तेव्हा द्यायला आपल्याकडेही आहे, घ्यायला त्यांच्याकडेही.

एवढं टाइप करेपर्यंत दादाचा दुसरा मेसेज आलाय. "ते आता आपले कुठे राहिले? फ्रेंच बोलतात."

दादा, आता मात्र कमाल झाली.

त्या माणसाने आपल्या ओटीवर उभं राहून 'सुखकर्ता दुखहर्ता' सगळी म्हटली. सगळी कडवी. आपल्या घरात आरतीला पहिल्या कडव्यानंतर नुसते ओठ हलवणारे किती जण आहेत, मी नावं घेत नाही. तिकडे गणेश चतुर्थीला अख्ख्या देशाला सुट्टी असते. आपण जाखडी म्हणतो तिला ते झाकरी म्हणतात, आणि अजून नाचतात. त्यांच्या शाळांत मराठी शिकवली जाते. २०२३ च्या एप्रिलमध्ये तिथे शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला. तो देश क्षेत्रफळाने आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या पावपट आहे, मुंबईपासून साडेचार हजार किलोमीटरहून लांब आहे, आणि त्यांनी आपलं एवढं जपलं. आपण त्यांचं काय जपलं? एक झेरॉक्स हातात घेतली नाही.

आणि ते फ्रेंच बोलतात ते हौसेने? ज्या मळ्यावर राबायचं तिथली भाषा पोटासाठी शिकावी लागते. तुझी मुलं घरात काय बोलतात ते मी ऐकलेलं आहे.

रागावू नकोस. पण तू चिडवलंस.

दुसऱ्याच्या सभागृहाला काही देणं हे आजचं फॅडही नाही. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्सवर बॉम्ब पडले, ते सभागृह १९५० मध्ये पुन्हा उघडलं. तेव्हा राष्ट्रकुलातल्या देशांनी एकेक वस्तू दिली. ऑस्ट्रेलियाने सभापतींची खुर्ची, कॅनडाने मेज, आणि आत जायची दारं दिली भारत-पाकिस्तानने. ज्यांनी दीडशे वर्षं आपल्याला दाराबाहेर ठेवलं त्यांच्या सभागृहाला आपण दारं दिली, तीही आपल्याकडे रेशनच्या रांगा असताना. तेव्हा आपल्या सभागृहाचे अध्यक्ष कोण होते माहितीये ना? दादासाहेब मावळंकर. मूळ गाव मावळंगे, तालुका संगमेश्वर. आपलाच तालुका दादा. नजमा हेपतुल्ला तर पुढे सगळ्या जगाच्या संसदांची जी आंतर-संसदीय संघटना आहे, १८८९ पासूनची, तिच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. राज्यसभेवर त्या महाराष्ट्रातून गेलेल्या होत्या. या कामात आपली माणसं पहिल्यापासून आहेत.

नुसती इमारत देऊन भागत नाही, हेही कबूल. काबूलला आपण संसद बांधून दिली, २०१५ च्या नाताळच्या दिवशी तिचं उद्घाटन झालं, आणि २०२१ मध्ये तालिबान आले. इमारत आहे, संसद नाही. तो विषय निघाला की आजही मला वाईट वाटतं. म्हणून तर म्हणतेय, भिंतींबरोबर माणसंही गेली पाहिजेत. खासदार, समितीवाले, सचिवालयातली माणसं, भाषांतर करणारी मुलं.

आणि 'आपल्याला काय मिळतं' हा प्रश्न. मला हा प्रश्नच आवडत नाही, पण विचारलाच आहे तर सांगते. मॉरिशसच्या अगालेगा बेटावर आपण धावपट्टी आणि धक्का बांधला, फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला, त्यात हिंदी महासागरावर नजर ठेवण्याचा आपला स्वार्थ आहेच. बेटावरच्या लोकांना त्याची काळजी वाटते, आणि ती वाटणं चूक नाही. हेच प्रश्न त्यांच्या असेंब्लीत विचारले गेले पाहिजेत, आणि आपल्या खासदारांनी ते समोर बसून ऐकले पाहिजेत. पण मॉरिशस ब्रिटनकडून जी परत मागत होतं त्या चागोस बेटांच्या बाबतीत २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांत मॉरिशसच्या बाजूने ११६ देश उभे राहिले, विरोधात फक्त ६. आपण त्या ११६ मध्ये होतो, ब्रिटन आणि अमेरिका दोघंही समोर असताना. २०२० मध्ये त्यांच्या किनाऱ्यावर जहाज फुटून तेल सांडलं, तेव्हा आपलं सामान आणि माणसं गेली. असल्या वेळी कुणी हिशेबाची वही काढत नाही.

गांधीजी १९०१ मध्ये आफ्रिकेतून परतताना बोट थांबली म्हणून मॉरिशसला काही दिवस राहिले. लोकांना म्हणाले, मुलांना शिकवा, राजकारणात या. पुढे १९०७ मध्ये मणिलाल डॉक्टर (डॉक्टर हे आडनाव) वकील म्हणून तिथे गेले, मजुरांचे खटले लढले. आणि १९६८ मध्ये स्वातंत्र्य घेताना त्या लोकांनी तारीख निवडली १२ मार्च. दांडीयात्रेची. पाहुण्यांनी मला हे सांगितलं तेव्हा मी, नागरिकशास्त्राची बाई, पहिल्यांदा ऐकत होते.

त्यांचं घर आम्हाला सापडलं नाही. तीन गावं फिरलो. शेवटच्या दिवशी त्यांना ग्रामदेवतेच्या देवळात नेलं. गुरवाने नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घातलं. बा देवा म्हाराजा, तुजा लेकरू साता समुद्रापलीकडना आलाय, घर गावला नाय त्येला, तर ह्यो देऊळच त्येचा घर समज. आम्ही सगळे म्हणालो, व्हय म्हाराजा. पाहुणे पण म्हणाले, व्हय म्हाराजा. त्यांना ते कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यांच्या घरात त्यांची आजी तसंच म्हणायची.

मग ते खाली बसून ढसाढसा रडले. दादा, तू बाहेर चपलांपाशी उभा होतास, तुझेही डोळे भरलेले होते. मी बघितलंय.

जाताना त्यांनी झेरॉक्सची एक प्रत माझ्याकडे ठेवली, कधी कुणाला काही सापडलं तर म्हणून. आता हे लिहिताना उठून कपाट उघडलं. आहे. घडीवर थोडी फाटलीय, नंबर स्पष्ट वाचता येतो.

मी आपल्या खासदारांना पत्र लिहायला घेतलंय. पहिली मागणी साकवाची, पावसाळ्याआधी. दुसरी, तुम्ही पोर्ट लुईच्या असेंब्लीत जाऊन या आणि तिथल्या एका तरी मराठी भाषकाला इथे बोलवा, आम्ही उतरवून घेतो. सोबत त्या कागदाची प्रत जोडतेय. वाडीतल्या एकवीस सह्या झाल्यात. दादा, तू शनिवारी येतोयस ना? तुझ्यासाठी ओळ रिकामी ठेवलीय.