पार्ट्स कॅटलॉग म्हणजे सर्व्हिस मॅन्युअल नव्हे

जुन्या स्पोर्ट्स कारवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. कंपनीचं ओरिजिनल पार्ट्स मॅन्युअल, म्हणजे पार्ट्स कॅटलॉग, घेतलं की कुठलाही मिस्त्री त्यातली चित्रं बघून इंजिन जोडतो. एका मॉडेलचं पुस्तक सगळ्या सालांना चालतं. जितकी जुनी छपाई तितकी अचूक. रीप्रिंट म्हणजे कचरा. आणि पुस्तकाचे पैसे पुढे दुप्पट होतात. उदाहरण जॅग्वार ई-टाइपचं दिलंय. माझा भाचा हे वाचून पैसे भरायला निघाला, तेव्हा गप्प बसवेना.

पहिल्या दाव्यापायी इंजिनं जातात, म्हणून आधी तोच.

पार्ट्स कॅटलॉग स्पेअर खिडकीवरच्या माणसासाठी छापलेला असतो. सुट्या भागांचं चित्र, भागाचा क्रमांक आणि नग, एवढंच त्यात असतं. ई-टाइपच्या सहा सिलिंडरांच्या इंजिनात व्हॉल्व्हचं क्लिअरन्स, म्हणजे फट, टॅपेटखालच्या छोट्या चकत्यांनी जुळवतात. चकत्यांवर ए ते झेड अक्षरं असतात: ए म्हणजे ०.०८५ इंच, झेड म्हणजे ०.११० इंच, मधली प्रत्येक एका हजारांशाने जाड. कॅटलॉग या चकत्यांचे क्रमांक देतो. पण इनलेटला ०.००४ आणि एक्झॉस्टला ०.००६ इंच फट ठेवायची, हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या पुस्तकात असतं. फट कमी राहिली तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो. कनेक्टिंग रॉडचे नट ३७ फूट-पाउंडांनी आवळायचे आणि मेन बेअरिंगचे बोल्ट ८३ने, हेही चित्रात दिसत नाही. अंदाजाने पाना मारून हे इंजिन जोडू नका.

बरं, कॅटलॉगमधला क्रमांकसुद्धा वाचता यावा लागतो. यूएफएस १३१/६आर घ्या. यूएफएस म्हणजे युनिफाइड फाइन (इंच मापाच्या बारीक) आट्यांचा सेटस्क्रू, डोक्यापर्यंत आटे असलेला. १३१ म्हणजे ५/१६ इंच व्यास. ६ म्हणजे लांबी इंचाच्या आठव्या भागांत, म्हणजे पाऊण इंच. आर ही पोलादाची ग्रेड. यूएफएसच्या जागी यूएफबी असेल तर तो बोल्ट, आट्यांच्या वर गुळगुळीत दांडा असलेला. जिथे आडवा ताण येतो तिथे भोकात हा दांडा बसायला हवा. त्या जागी सेटस्क्रू घातला तर आटे भोकाची कड खातात, भोक लांबट होतं आणि जोड हलायला लागतो. आपल्याकडे आणखी एक घोटाळा होतो. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून ८ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट आणला जातो. तो दोन फेरे जातो, मग अडतो, मग कोणीतरी पान्याने जोर लावतं आणि आटे जातात. युनिफाइड फाइनला इंचात २४ आटे असतात. मेट्रिकचे सव्वा मिलिमीटरचे आटे त्यात बसणारच नाहीत.

एकच पुस्तक सगळ्यांना? ३.८ लिटर इंजिनाच्या गाडीला जे.३० क्रमांकाचा कॅटलॉग, पहिल्या मालिकेच्या ४.२ लिटरला जे.३७, पुढच्या मालिकांना आणखी वेगळी. दोन्ही इंजिनांचा स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) १०६ मिलिमीटरच, म्हणून क्रँकशाफ्ट चालेल असं वाटतं. चालत नाही. ४.२मध्ये बोअर (सिलिंडरचा व्यास) ८७वरून ९२.०७ मिलिमीटर केला आणि त्यासाठी सिलिंडरांमधली अंतरंही बदलली. जॅग्वारच्याच सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बजावलंय की गाडीचा आणि इंजिनचा क्रमांक मागच्या-पुढच्या अक्षर-आकड्यांसकट कळवा. इंजिन क्रमांकाच्या शेवटचा ८ किंवा ९ म्हणजे कॉम्प्रेशन रेशो, पिस्टन सिलिंडरातलं मिश्रण किती पट दाबतो ते. तो न बघता पिस्टन मागवले तर चुकीचे येऊ शकतात, आणि कस्टम ड्यूटी भरून आणलेला माल परत पाठवायचा खर्च आपल्याच बोकांडी.

जुनी छपाई अचूक, यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो. गाडी कारखान्यातून निघाली तशीच हवी असेल तर मूळ भागाचा क्रमांक लवकरच्या आवृत्तीत सापडतो. पण ई-टाइप १९६१मध्ये आली आणि लगेच बदलत गेली; सपाट फ्लोअर १९६२मध्येच गेले. छपाईनंतरचा बदल त्या पुस्तकात असणार कुठून? म्हणून ‘अमुक चेसी क्रमांकापर्यंत’ आणि ‘अमुकपासून’ या ओळी आधी वाचा.

रीप्रिंट कचरा नाहीत. ब्रुकलँड्स बुक्स या प्रकाशकाच्या अधिकृत रीप्रिंटमध्ये तेच क्रमांक असतात आणि ग्रीसच्या हातांनी पानं उलटायला तीच बरी. झेरॉक्सची झेरॉक्स मात्र घेऊ नका, ३ आणि ८ एकसारखे दिसतात. पैसे दुप्पट होण्याची हमी कोणीच देऊ शकत नाही.

तरीही ओरिजिनलच हवं असेल तर विकणाऱ्याकडून आधी तीन फोटो मागवा: मुखपृष्ठावरचा प्रकाशन क्रमांक, छपाईची तारीख, आणि चेसी क्रमांकांची मर्यादा दिलेलं एखादं पान. मग बॉनेट उघडा. उजव्या बाजूला, पुढच्या फ्रेमवर शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या माउंटिंगच्या वर चेसी क्रमांक ठोकलेला असतो. इंजिनचा क्रमांक ऑइल फिल्टरच्या वर ब्लॉकवर. ८५, ८६, ८७, ८८ किंवा ८९ने सुरू होणारा सहा आकडी चेसी क्रमांक ३.८चा, आणि १ईने सुरू होणारा पहिल्या मालिकेच्या ४.२चा. फोटोतलं पुस्तक त्याच्याशी जुळलं तरच पैसे पाठवा.