तीनशे मारबती

नागपुरात राहून नाचाचं संगीत विनाइलवर काढायचं असेल तर ठेक्याच्या आधी मे महिन्याचा विचार करावा. रेकॉर्ड पीव्हीसीची असते आणि साठ-सत्तर अंशांना ते मऊ पडतं. आपल्याकडे सावलीतच पारा ४५च्या पुढे जातो, २०१३ साली ४७.९ झाला होता. काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीबद्दल तर बोलायलाच नको. माझ्या रेकॉर्डचे खोके नेमके एप्रिलअखेर आले. कूलरच्या खोलीत कव्हरं दमट होतात, म्हणून उरली एसीची खोली, म्हणजे आईबाबांची. "एसी आपल्यासाठी घेतला की याच्या तबकड्यांसाठी?" असं बाबा मला कधीच विचारत नाहीत. ते आईला विचारतात, मी समोर बसलेलो असताना.

तीनशे प्रती कशाला, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. लॅकर म्हणजे मूळ तबकडी कापायची, त्यावरून निकेलचे साचे काढायचे, हा खर्च दहा प्रतींना जेवढा तेवढाच तीनशेंना. त्यामुळे दहा काढणारा माणूस अधिक वेडा ठरतो. (हे गणित घरी पटत नाही.)

ट्रॅकमध्ये मारबतीच्या, म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीतले ढोलताशे आहेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीच्या गर्दीत घुसून, चपला सांभाळत मी ते टिपले होते. ढोल सगळा उजवीकडे, ताशा डावीकडे. परदेशातल्या कटिंग इंजिनिअरने, म्हणजे चरी कापणाऱ्याने, नम्रपणे कळवलं की खर्ज मधोमध आणा, नाहीतर चरी खालीवर होतील आणि पिन उडेल. इतवारीतला ढोलवाला काही केल्या मधोमध चालत नव्हता, हे त्याला कुठे समजावू? मुकाट्याने खर्ज मोनो केला. एका बाजूला काळी मारबत, दुसऱ्या बाजूला पिवळी, अशी नावं छापली आणि स्वतःवर फार खूश झालो.

मावशीने खोका उघडून लेबल वाचलं. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत म्हणून लोक तिले गावाबाहेर नेऊन जाळतात," ती म्हणाली, "अन् तू तीनशे घरात आणून ठेवल्या? त्याही बेडखाली?"

मग सुरू झाली प्रसिद्धी. परदेशातल्या डीजेंना प्रती पाठवाव्यात म्हटलं तर टपालखर्च रेकॉर्डच्या किमतीला मागे टाकतो. म्हणून आधी गावातला डीजे गाठला. गावातला डीजे म्हणजे ट्रकवर स्पीकरची भिंत आणि मागे जनरेटर. त्याने रेकॉर्ड उलटसुलट करून पाहिली. "भाऊ, पेनड्राइव्हमध्ये आण ना. या ताटाचं मी काय करू?" त्याचंही बरोबर होतं. वरातीच्या ट्रकवर पिन चरीत टिकली असती तर तो चमत्कारच. मित्रांनी मात्र आनंदाने प्रती घेतल्या आणि भिंतींवर टांगल्या. त्यातल्या एकाकडेही रेकॉर्ड प्लेअर नाही.

अख्ख्या ओळखीत चालू प्लेअर निघाला तो धरमपेठेतल्या काकांकडे. एचएमव्हीचा फिएस्टा, काकूंच्या क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला. माझी रेकॉर्ड बारा इंची, ४५च्या गतीची, म्हणजे मिनिटाला ४५ फेरे. गती जास्त असली की चरीला जागा जास्त मिळते, आवाज दणकट येतो, म्हणून डान्सवाले असं करतात. पण काकांच्या हिशेबात मोठी तबकडी म्हणजे ३३. मी काही बोलायच्या आत त्यांनी ती लावली, पिन उडू नये म्हणून टोकावर रुपयाचं नाणं ठेवलं (माझ्या काळजात चर्र झालं) आणि डोळे मिटले. मिनिटाला १२४ ठोक्यांचा माझा ट्रॅक ९२वर आला. ढोल एखाद्या जड माणसासारखा जिना चढू लागला.

"व्वा," काका म्हणाले. "आजकाल इतकं सावकाश कोणी वाजवत नाही."

मला बेल्जियम आठवलं. १९८०च्या दशकात तिकडच्या एका डीजेने ४५ची रेकॉर्ड ३३वर लावली, लोकांना ती आवडली आणि न्यू बीट नावाचा नाचाच्या संगीताचा प्रकारच उभा राहिला. पण अभिमान आडवा आला. मी उठून बटण ४५वर केलं.

काकांनी डोळे उघडले. थोडा वेळ ऐकलं.

"याले एवढी घाई काहून झाली बे? मघाचीच लाव."

पुढची रेकॉर्ड तयार होते आहे. लेबलवर गतीच्या जागी "३३ किंवा ४५" छापायला सांगितलं आहे. खोके डिसेंबरात मागवलेत, आणि ते कुठे ठेवायचे हे बाबांनी आईला विचारून झालं आहे.